डावी पापणी

गॅरेज अठरा फुटांचं, गाडी एकोणीसची.
म्हणून मागची भिंत मधोमध कापली;
तिचं नाक आता
कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात शिरतं.
छतावरून दोरीला टेनिसचा चेंडू लोंबतो,
काचेला टेकला की थांबायचं.
एवढं सोपं, तरी ऑर्व्हिलने दोनदा चुकवलं.
बंपरवरचा पोचा त्याचाच.
तो मी काढून घेतलेला नाही.

मर्क्युरी मार्क्विस, सन त्र्याहत्तर.
रंग कागदोपत्री सोनेरी,
उन्हात विसरलेल्या दुधाच्या कॉफीचा.

पेडल एकदाच तळापर्यंत दाबायचं, सोडायचं,
मग किल्ली.
दोनदा दाबलंत तर पेट्रोल पिऊन फुगून बसते,
अर्धा तास बोलत नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
नेब्रास्काच्या बर्फात, पोरांच्या कलकलाटात,
इतकं मानी इंजिन एकही भेटलं नाही.

खाली पुठ्ठा अंथरलेला असतो.
लाल थेंब गिअरबॉक्सचा, काळा इंजिनाचा,
हिरवा दिसला तर पाकीट काढा.
वसंतात पाठीवर सरपटत आत जायचं
आणि सांध्यासांध्यात ग्रीस भरायचं,
जुनं काळं बाहेर येईपर्यंत.
तिच्या सांध्यांत.
माझ्या गुडघ्यांना अशी भोकं ठेवायचं
कुणाला सुचलं नाही.

तर, डावी पापणी.
हिचे दिवे झाकणांमागे लपलेले,
झाकणं चालतात इंजिनाच्या श्वासावर.
फेब्रुवारीत डावं अर्ध्यावरच अडकू लागलं,
जेवल्यावर पेंगणाऱ्या माणसासारखं.
श्वास कुठेतरी गळत होता.
तीन रविवार मी नळ्या चाचपल्या,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
एकेका जोडावर टेकवली.
घरघर. नुसती घरघर.

चौथ्या रविवारी पलीकडचा एलिसेओ आला,
तेरा वर्षांचा; आई मांसाच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.
बॉनेटवर वाकून म्हणाला,
ही शिट्टी कसली?

मी म्हटलं, हो, तीच शोधतेय.

त्याने बॅटरीच्या खाली, मागच्या अंधारात हात घातला
आणि एका चिरेवर बोट ठेवलं.
इंजिनाची कंप माझ्या तळहाताखाली बदलली,
आणि डावी पापणी, कुणी नावाने उठवावं तशी,
सावकाश वर गेली.

नवी नळी त्यानेच घरून आणली,
माशांच्या टाकीची.
मासा गेल्या महिन्यात गेला होता.

मग फिरायला नको का न्यायला?
पंपावर तो डबा हातात धरल्यासारखा नळ धरून
गाडीभोवती दोनदा फिरला, झाकण सापडेना.
मी सांगितलं नाही. इतकी मजा मला घेऊ दे.
शेवटी मागची नंबरप्लेट खाली ओढून दाखवली;
खूप हसला, पेट्रोल बुटावर सांडलं.
गॅलनला अकरा मैल,
तेही वारा पाठीशी असेल तर.
हत्ती पाळलाय, शेजारी म्हणतात.
हत्तीला निदान शेण तरी मिळतं.

पुढची सीट एकसलग;
आमच्या दोघांमध्ये तिसरा माणूस झोपेल.
स्टेअरिंगला एक बोट पुरतं.
रस्त्यातला खड्डा कळतो,
पण पत्रासारखा, उशिरा
आणि निवळलेल्या शब्दांत.
मक्याची कापलेली शेतं, धान्याची कोठारं,
रेडिओवर डुकरांचे बाजारभाव.
एलिसेओने खिडकीबाहेर कोपर काढलं,
बरोबर तिथे, तसंच.
मी समोर बघत राहिले.

प्लॅट नदीपाशी अंधारून आलं तसे दिवे लावले.
दोन्ही पापण्या एकदम.
पाण्यावर उजेड पडला, पुन्हा बंद केला,
इंजिनही.

गार होताना ते टिकटिकतं, तो म्हणाला,
ऐक.
मी काही बोलले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग मोठ्याने मोजायला लागला.
चोवीस. पंचवीस. थांब… सव्वीस.
सत्तावीसला क्रौंचांचे थवे उतरले,
हजारो, आभाळ खरवडत,
आणि त्याचा हिशेब चुकला.

तेवढं मलाही ऐकू आलं.